न्यायाधीशाची बायको नाहीशी होते : लॉर्ड ग्रेंज प्रकरणाचा अभ्यास

प्रकरण थोडक्यात

२२ जानेवारी १७३२. रात्री उशिरा एडिनबरामधल्या एका भाड्याच्या घरात काही माणसे घुसली आणि तिथे राहणाऱ्या बाईला उचलून घेऊन गेली. बाईचे वय पन्नाशीच्या पुढे. नवरा स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात न्यायाधीश. मुले हाताशी आलेली, एक मुलगी तर अर्लच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या, घरात दिलेली. बाई त्यानंतर तेरा वर्षे जगली, पण घरी परतली नाही. तिला नेणाऱ्यांपैकी कोणावर या प्रकरणात खटला चालला नाही. नवऱ्याने दोन वर्षांनी न्यायाधीशपद सोडले ते खासदार व्हायला.

प्रकरण अभ्यासात माणसांची नावे बदलायची रीत असते. इथे त्याची गरज नाही. सगळी मंडळी जाऊन दोन-अडीच शतके उलटली आहेत आणि त्यांची पत्रे, रोजनिशी केव्हाच छापून झाली आहे. म्हणून नावे खरीच ठेवली आहेत. गुन्हेगार कोण हेही कोडे नाही. मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे. शहरातल्या भरवस्तीतून, इतक्या नामांकित घरातली बाई जाते, निदान पन्नासेक माणसांना तरी त्याचा काही ना काही पत्ता असतो, आणि तरी नऊ वर्षे कोणी हलत नाही. हे जमते कसे?

नवऱ्याची बाजू : घराणे आणि जमीन

जेम्स अर्स्किन १६७९ चा. थोरला भाऊ जॉन हा मारचा अर्ल. घराणे जुने, मान मोठा आणि कर्जही त्याच मानाने मोठे. भावाच्या वशिल्याने जेम्स तिशीच्या आत न्यायाधीश झाला आणि 'लॉर्ड ग्रेंज' म्हणवून घेऊ लागला. हा 'लॉर्ड' न्यायासनाबरोबर येणारा, उमरावीचा नव्हे. पुढे कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, निवडून यायला तो मोकळा होता तो यामुळेच. १७१० ते १७१४ या काळात तो लॉर्ड जस्टिस क्लार्क, म्हणजे फौजदारी न्यायालयाच्या अगदी वरच्या पदावर होता.

१७१५ साली भावाने घराण्याचा पायाच हलवला. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने त्याने बंड पुकारले, शेरिफमूरच्या लढाईत काहीच निकालात निघाले नाही आणि काही महिन्यांत तो फ्रान्सला पळाला. पदवी गेली, जमीन सरकारजमा झाली. जेम्स मात्र उघडपणे सरकारच्या बाजूने राहिला. मनातून तो कुठे होता यावर अजून वाद आहेत. १७२४ साली त्याने आणि लॉर्ड डन या दुसऱ्या न्यायाधीशाने मिळून भावाची जप्त जमीन विकत घेतली, कर्ज फेडत ती पुढच्या पिढीच्या हाती द्यायची या हिशेबाने. तिथपासून घराण्याचा कारभारी हाच. परदेशातला भाऊ, त्याची बायको, त्यांची मुलगी, सावकार, कुळे, सगळ्यांचा हिशेब याच्या टेबलावर.

माणूस देवभोळा होता. आपल्या आत्म्याची झाडाझडती घेणारी रोजनिशी तो लिहीत असे, ती १८४३ मध्ये छापली गेली. त्याच वेळी लंडनच्या हेमार्केट भागात कॉफीहाउस चालवणाऱ्या फॅनी लिंडसे नावाच्या बाईशी त्याचे संबंध होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदत होत्या.

बायकोची बाजू : बापाची सावली

रेचल चीझली. तिची ओळख करून देताना एडिनबरातले लोक आधी तिच्या बापाचे नाव घेत, आणि त्याला कारण होते. बाप जॉन चीझली आणि आई यांचा संसार मोडला तेव्हा बायको-मुलांच्या पोटगीचा निवाडा लवादाकडे गेला. लवादात सर जॉर्ज लॉकहार्ट होते, कोर्ट ऑफ सेशन या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे अध्यक्ष. त्यांनी वर्षाला १,७०० मर्क (जुने स्कॉटिश नाणे) द्यायला लावले. चीझलीने ३१ मार्च १६८९ ला, ईस्टरच्या रविवारी, चर्चमधून घरी परतणाऱ्या लॉकहार्टना गल्लीच्या तोंडाशी गोळी घालून ठार केले. काही दिवसांतच, आधी उजवा हात तोडून, मग ते पिस्तूल गळ्यात अडकवून त्याला फाशी दिले. रेचल तेव्हा दहा वर्षांची होती.

तिचे आणि जेम्सचे लग्न १७०७ च्या सुमारास झाले. लग्नाआधीच दिवस गेले होते आणि तिने पिस्तूल दाखवून "मी कोणाची मुलगी आहे विसरू नकोस" असे सुनावले, अशी कथा एडिनबरात पुष्कळ रंगवून सांगत. कथा खरी असो वा खोटी, तिच्याविषयी काहीही खपते हे त्यातून कळते. प्रत्यक्षात हा संसार वीसेक वर्षे टिकला. नऊ मुले झाली, काही लहानपणी गेली. नवरा लंडनच्या वाऱ्या करत असताना इस्टेटीचा हिशेब, कुळांची वसुली हे तीच पाहत असे. म्हणजे घरातले कागद तिच्या हाताखालून जात होते. पुढच्या सगळ्या भानगडीत ही बाब विसरून चालणार नाही.

ऑगस्ट १७२९ मध्ये मुलगी मेरी हिचे लग्न किंटोरच्या अर्लशी झाले. मुलगी पंधरा वर्षांची. घराण्याच्या दृष्टीने गाडी रुळावर येत होती.

प्रश्न कसा चिघळला

फॅनी लिंडसेचे प्रकरण रेचलला कळले. १७३० मध्ये तिच्या हातातून इस्टेटीचा कारभारही काढून घेतला गेला. त्याच वर्षी जुलैअखेरीस विभक्त राहण्याचा लेखी करार झाला. नवऱ्याने वर्षाला १०० पौंड द्यायचे, तिने वेगळे राहून त्याला त्रास द्यायचा नाही.

करार टिकला नाही. ती एडिनबरातच खोली घेऊन राहिली, मुलांना भेटायला येऊ लागली आणि भेटू दिले नाही की रस्त्यात उभी राहून नवऱ्याच्या घराकडे तोंड करून शिव्यांची लाखोली वाहू लागली. एकदा तिला चुकवायला बाप-लेक एका गुत्त्यात दोन तास दडून बसले, असे ग्रेंजनेच लिहिले आहे. इथे थोडे थांबायला हवे. तिच्या या काळातल्या वागण्याचे बहुतेक वर्णन ग्रेंज आणि त्याच्या मित्रांच्या पत्रांतून येते. रस्त्यावर आरडाओरडा झाला यात शंका नाही, पण 'वेडी' हा शेरा मारणारा माणूस याच भांडणातला एक पक्ष आहे.

खरी ठिणगी वेगळीच होती. रेचलने नवऱ्याचे एक पत्र पळवून अधिकाऱ्यांकडे नेले आणि यात राजद्रोह आहे असा आरोप केला. त्या पत्राचे पुढे काही झाले नाही. मग जानेवारी १७३२ मध्ये तिने लंडनच्या घोडागाडीत जागा ठरवली. तिथे जाऊन ती काय सांगणार होती, याची धास्ती एकट्या ग्रेंजला नव्हती.

आधीच्या वर्षातली रंगीत तालीम

ग्रेंजचा निर्णय समजायचा तर १७३१ मधली एक घटना पाहावी लागते. भावाची बायको लेडी मार, माहेरची फ्रान्सेस पिअरपॉन्ट, लंडनमध्ये राहत होती. तिचे मन बिघडले होते आणि १७३० मध्ये तिला रीतसर वेडी ठरवले गेले. तिचा ताबा ज्याच्याकडे, तिच्या उत्पन्नावर हात त्याचा. ग्रेंजने तिला स्कॉटलंडला न्यायचा घाट घातला आणि निघालाही. पण तिची बहीण होती लेडी मेरी वॉर्टली मॉन्टेग्यू, तुर्कस्तानात पाहिलेली देवी टोचण्याची पद्धत इंग्लंडात आणणारी. तिने मुख्य न्यायाधीशाचा हुकूम मिळवला आणि लेडी मारला वाटेतूनच परत आणले.

माझ्या मते ग्रेंज इथे दोन गोष्टी शिकला. वेडेपणाची कागदोपत्री वाट धरली की कोर्ट, ज्युरी, नातेवाईक सगळे मध्ये येतात. आणि दुसरे म्हणजे, कोर्टाचा माणूस घोड्यावरून पोहोचू शकेल अशा रस्त्याने बाईला न्यायचे नाही.

त्याच्यापुढचे पर्याय

घटस्फोट. स्कॉटलंडमध्ये १५६० नंतर व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मिळे, आणि तो नवरा-बायको दोघांनाही मागता येई. इंग्लंडमधल्या बायकांना तेव्हा हे स्वप्नातही शक्य नव्हते. पण इथे व्यभिचारी नवरा होता. कायद्याची ही चावी रेचलच्या हातात होती, ग्रेंजच्या नाही. त्याने अर्ज केला असता तर पहिला प्रश्न हेमार्केटच्या कॉफीहाउसचा निघाला असता.

पैसे वाढवून देणे. घराण्यावर कर्ज होते हे खरे, पण वर्षाचे १०० पौंड ही अशी रक्कम नव्हती की तिच्यात वाढच होऊ शकत नव्हती. हा मार्ग गंभीरपणे चाचपला गेला असे दिसत नाही. भांडण पैशाचे कमी आणि मानाचे जास्त झाले की माणसे स्वस्तातला तोडगा आधी विसरतात.

वेडी ठरवणे. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी ज्युरीपुढे चौकशी लागे. रेचल तिथे उभी राहून बोलली असती, आणि बोलायला ती कधीच कमी नव्हती. शिवाय लेडी मारचा अनुभव ताजा होता.

घरातच कोंडणे. नवऱ्याला बायकोवर बरीच सत्ता होती, पण एडिनबराच्या उंच, एकमेकांना खेटलेल्या इमारतींत कोंडलेल्या बाईचा आवाज लपत नाही. प्रेस्टनपॅन्सजवळच्या आपल्या वाड्यात ठेवावे तर नोकरचाकर आणि गाव दोन्ही आले.

उरला शेवटचा पर्याय : जिथे आवाज ऐकणाराच नाही अशा ठिकाणी पाठवणे. ग्रेंज पुढे याला 'बाजूला ठेवणे' अशा सभ्य भाषेत मांडत राहिला. १७०१ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने केलेल्या कायद्यानुसार लेखी, सहीच्या आणि कारण नमूद केलेल्या हुकमाशिवाय कोणाला कैदेत टाकता येत नसे. न्यायासनावर पंचवीस वर्षे बसलेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती.

पण हा पर्याय त्याच्या एकट्याच्या आवाक्यातला नव्हता. त्यासाठी डोंगरी मुलखातले जमीनदार लागत. सायमन फ्रेझर म्हणजे लॉर्ड लोव्हॅट, स्लीटचा सर अलेक्झांडर मॅकडॉनल्ड आणि डनव्हेगनचा नॉर्मन मॅक्लाउड ही नावे या प्रकरणात पहिल्यापासून येतात. लोव्हॅटने हात झटकले, पण स्वतः रेचलने लिहिले आहे की तिला उचलणाऱ्यांपैकी काहींच्या अंगावर त्याच्याच नोकरांचा चौकटीचा गणवेश होता. या सरदारांना ग्रेंजच्या संसाराशी काय देणेघेणे? केवळ मित्राची कटकट मिटवायला माणसे एवढी जोखीम घेत नाहीत. स्टुअर्ट पक्षाच्या गुप्त गाठीभेटींबद्दल तिने काहीतरी ऐकले होते किंवा ऐकल्याचा त्यांना संशय होता, हेच मला जास्त पटते.

कृती : ती रात्र आणि पुढचे आठ महिने

रेचलने १७३८ मध्ये लिहिलेल्या लांबलचक पत्रात ती रात्र आहे. माणसांनी तिला जमिनीवर आपटले, झटापटीत काही दात पडले, तोंडावर कापड बांधले. खाली खुर्चीची पालखी तयार होती. शहराबाहेर घोडे. एका माणसाच्या मागे तिला बांधून बसवले आणि रात्रीतून पश्चिमेकडे नेले. पहिला मुक्काम लिनलिथगोच्या पलीकडे एका वकिलाच्या घरात. वकिलाच्या! त्यानंतर स्टर्लिंगजवळ पोलमेझच्या एका ओस वाड्यात तिला ऑगस्टच्या मध्यापर्यंत डांबून ठेवले.

हे सात महिने मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा काळ वाटतो. ती एडिनबरापासून एक-दोन दिवसांच्या अंतरावर होती. समुद्र मध्ये नव्हता. शहरात तिच्या जाण्याची चर्चा होती, तिचा स्वतःचा वकील होता, वयात आलेला मुलगा होता, अर्लच्या घरातली मुलगी होती. या काळात एक अर्ज, एक झडती पुरली असती.

पुढे तिला ग्लेन्कोवरून लॉख हॉर्नच्या किनाऱ्यापर्यंत नेले आणि ३० सप्टेंबरला हेस्कर बेटावर उतरवले. बेट स्लीटच्या मॅकडॉनल्डच्या मालकीचे. सखल, वाळूचे, शंभरेक वस्तीचे. ज्या कुळाच्या घरात तिला ठेवले त्याला सुरुवातीला ती कोण हेही सांगितले नव्हते.

हिर्टा

जून १७३४ मध्ये तिला तिथून हलवून सेंट किल्डाच्या हिर्टा बेटावर नेले. नॉर्थ युइस्ट बेटाच्या पश्चिमेला साधारण ६५ किलोमीटर, भर अटलांटिकमध्ये. काही वर्षांपूर्वीच देवीच्या साथीत हे बेट जवळपास ओस पडले होते आणि हॅरिस बेटावरून माणसे आणून पुन्हा वसवले होते. मालक डनव्हेगनचा मॅक्लाउड. त्याचा कारभारी वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, होडी घेऊन येई आणि खंड म्हणून पक्ष्यांची पिसे, तेल, धान्य, लोकर घेऊन जाई. म्हणजे बाहेरच्या जगाशी संबंध आला तर तो मालकाच्याच माणसामार्फत. वेगळा पहारा ठेवायची गरजच नव्हती.

बेटावर भाषा गेलिक, रेचलला ती येत नव्हती. घर म्हणजे दगडाच्या कोरड्या भिंतींचे, वर हरळीच्या ढेकळांचे छप्पर, आत सुमारे सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद जागा. पक्षी आणि खाद्य साठवायच्या कोठ्या बेटावर याच धर्तीच्या असत. दिमतीला एक मुलगी. बेटाला तिने पत्रात घाणेरडे, दुर्गंधीचे, दरिद्री म्हटले आहे. बेटकऱ्यांच्या आठवणीत ती दिवसा झोपणारी, रात्री किनाऱ्यावर फिरणारी बाई म्हणून राहिली. सहा वर्षे.

इकडे ग्रेंज काय करत होता? १७३४ मध्ये पंतप्रधान वॉलपोलच्या सरकारने कायदा करून स्कॉटिश न्यायाधीशांना कॉमन्सची दारे बंद केली. हा कायदा ग्रेंजला रोखायलाच केला असे तेव्हा बोलले जाई. त्याने न्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि क्लॅकमॅननशायरमधून निवडून आला. १७३६ मध्ये चेटूकविरोधी जुने कायदे रद्द करायचे विधेयक आले तेव्हा हा गृहस्थ विरोधात बोलायला उभा राहिला. सभागृह हसले. राजकारणात आपले नाणे खणखणीत वाजेल या आशेने त्याने आयुष्यभराचे पद सोडले होते, आणि हाती आले ते हे हसू.

सुटकेचा एकमेव प्रयत्न

बेटावर धर्मोपदेशक म्हणून आलेले रॉडरिक मॅक्लेनन आणि त्यांची पत्नी यांच्यामुळे रेचलची पत्रे बाहेर पडली. लोकरीच्या गुंडीत लपवून पत्र नेले अशी एक गोष्ट नंतर प्रसिद्ध झाली, तिच्यात सांगणाऱ्यांचाही हात असावा. १७४० च्या डिसेंबरात पत्र एडिनबराला पोहोचले. १७३८ साली लिहिलेले.

ते ज्यांच्या हाती आले ते थॉमस होप हे तिचे वकील. त्यांनी नंतर जे सांगितले ते या प्रकरणाची किल्ली आहे. तिला शहरातून हलवले हे त्यांना ठाऊक होते. फक्त तिची नीट सोय केली असेल असे ते धरून चालले होते.

वकिलाने आपल्या अशिलाबद्दल नऊ वर्षे असे 'धरून चालावे', आणि तेही तिचे भले चिंतणाऱ्या माणसाने! होप लबाड नव्हते. पत्र वाचल्यावर ते हादरले, कोर्टाची वाट सरळ लागेना म्हणून त्यांनी स्वतःच्या खर्चाने वीस हत्यारबंद माणसांचे एक गलबत सेंट किल्डाकडे धाडले. फेब्रुवारी १७४१ च्या मध्यापर्यंत ते निघालेही होते. पण बातमी त्याच्या आधी निघाली होती. गलबत पोहोचेपर्यंत बाई बेटावर नव्हती.

निष्पत्ती

यानंतर तिला कधी मुख्य भूमीवर, कधी हॅरिसला, शेवटी स्काय बेटावरच्या वॉटरनिशमध्ये ठेवले. मे १७४५ मध्ये ती वारली, वय ६६. ट्रम्पनच्या चर्चच्या आवारात तिला पुरले. शिवाय ड्युरिनिशला आणखी एक अंत्यविधी झाला. तिथे गर्दी जमली, प्रार्थना झाली आणि दगडमातीने भरलेली शवपेटी खाली सोडली. मेलेल्या बाईचाही ठावठिकाणा लपवायची सवय झाली होती.

ग्रेंजने बातमी कळवणाऱ्याला उत्तर लिहिले. वेळेवर कळवल्याबद्दल आभार. दुःख झाल्याचे सोंग आणणे हास्यास्पद ठरेल. मात्र बऱ्याच जुन्या गोष्टी आठवून मन अस्वस्थ झाले. शेवटपर्यंत तिची विनोदबुद्धी शाबूत होती हे वाचून त्याला आश्चर्य वाटले. इथे असताना तिच्यात ती कोणाला दिसली नव्हती म्हणे. तो १७५४ मध्ये लंडनला वारला. फॅनी लिंडसेशी त्याने नंतर लग्न केले असे सांगतात.

बाकीच्यांचे काय? लोव्हॅटचे डोके १७४७ मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर उडवले गेले, ते बंडासाठी. मॅकडॉनल्ड आणि मॅक्लाउड हे स्टुअर्ट पक्षाच्या १७४५ च्या उठावात सरकारच्या बाजूने राहून सहीसलामत सुटले. या दोघांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १७३९ मध्ये, म्हणजे रेचल हिर्टावर असतानाच, स्काय आणि हॅरिसच्या शंभरेक माणसांना, बायकामुलांसकट, रात्री पकडून 'विल्यम' नावाच्या जहाजात कोंबले गेले. अमेरिकेतल्या वसाहतींत वेठीला विकायचे होते. जहाज आयर्लंडच्या डॉनाघडी बंदरात थांबले तेव्हा माणसे पळाली आणि भांडे फुटले. संशयाची सुई या दोघांकडे वळली, शिक्षा झाली नाही.

आणि घराणे? ते वाचले. १७४० मध्ये ग्रेंजचा मुलगा जेम्स याचे लग्न चुलत्याची मुलगी लेडी फ्रान्सेस हिच्याशी लावले गेले. बंडखोर भावाची मुलगी आणि कारभारी भावाचा मुलगा : जमीन एका घरात आली. त्यांचा मुलगा जॉन फ्रान्सिस याला १८२४ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, मारची अर्लकी परत मिळाली. तो रेचलचा सख्खा नातू. लग्न झाले त्या वर्षी नवरदेवाची आई जिवंत होती आणि हिर्टावर होती.

निर्णयाचे क्षण आणि वेगळे काय करता आले असते

रेचलपासून सुरुवात करतो, कारण तिला निव्वळ बिचारी ठरवणे तिच्यावर दुसरा अन्याय आहे. १७३० मध्ये घटस्फोटाचा दावा लावायचा मार्ग तिला खुला होता. तो दावा तिने लावला नाही. तिला संसार मोडायचा नव्हता, संसारात परत यायचे होते, आणि मुले तिकडे होती. हे समजण्यासारखे आहे. पण तिने जी दुसरी वाट धरली, राजद्रोह उघड करण्याची धमकी, तिने भांडणाची जातच बदलली. नवरा-बायकोच्या भांडणात ती एका माणसाला जड होती. राजकीय गुपित हाती असल्याचे सांगताच ती ज्यांना कधी भेटलीही नव्हती अशा लोकांना धोका वाटू लागली. आणि धमकी देऊन ती वाट पाहत राहिली, हे सर्वांत घातक. अशी माहिती एक तर ताबडतोब आणि दोन-तीन जणांकडे एकाच वेळी द्यावी, नाहीतर तिच्याबद्दल चकार शब्द काढू नये. तिने आधी पत्र दिले, मग रस्त्यात ओरडून सांगितले, मग गाडीत जागा ठरवली. प्रत्येक पायरीला समोरच्यांना तयारीचा वेळ मिळाला.

ग्रेंजच्या बाबतीत 'काय वेगळे' हा प्रश्न नैतिक असल्याने चर्चा लवकर संपते. व्यवहार म्हणूनही त्याचे गणित मात्र चुकलेच. पोटगीत थोडी भर आणि मुलांच्या भेटीची ठरलेली वेळ एवढ्यावर निदान काही वर्षे शांततेत गेली असती. त्याऐवजी त्याने स्वतःला तीन सरदारांच्या मुठीत दिले. त्याचे गुपित त्यांच्याकडे आणि त्यांचे याच्याकडे.

मुलांबद्दल लिहिताना हात अडखळतो. थोरला मुलगा बावीस वर्षांचा होता. किंटोरला दिलेली मुलगी सतरा वर्षांची आणि नुकती कुठे सासरी रुळत असणार. त्यांपैकी कोणी आईसाठी कोर्टात गेले नाही. आईचे रस्त्यावरचे वागणे त्यांनी पाहिले होते, त्यांना त्याची लाज वाटत असेल. आणि बापाच्या हातात वारसा होता. लेडी मारला परत आणणारी बहीण होती. रेचलसाठी उठणारे माहेर राहिले नव्हते, कारण तिच्या माहेराचा पुरुष फासावर गेलेला.

व्यवस्थेचा भाग वेगळा. डोंगरी मुलखात जमिनीच्या मालकाकडे न्यायाचे अधिकारही वंशपरंपरेने असत. ज्याचे शेत कसायचे, ज्याच्या होडीतून मीठ यायचे, तक्रारही त्याच्याच कचेरीत. हेस्करच्या कुळाने किंवा हिर्टाच्या बाईने रेचलला सोडवायचे ठरवले असते तर ते कोणाकडे जाणार होते? त्यांना मी दोष देणार नाही. हे वंशपरंपरागत अधिकार १७४७ च्या कायद्याने काढून घेतले गेले. कारण अर्थातच १७४५ चा उठाव. रेचलचे नाव त्या चर्चेत कोणी घेतले नसावे.

दोष द्यायचा तर एडिनबरातल्या शहाण्यासुरत्यांना. पहिल्या मुक्कामाचे घर ज्याचे होते त्या वकिलाला, कुजबुज ऐकून गप्प राहिलेल्या न्यायाधीशांना आणि, मन कितीही नको म्हणत असले तरी, थॉमस होपना. नऊ वर्षांनी वीस माणसे आणि गलबत लागले. १७३२ च्या फेब्रुवारीत त्यांनी ग्रेंजला दोन ओळींचे पत्र लिहून विचारायचे होते : माझी अशील सध्या कुठे राहते, आणि मी तिला कधी भेटू शकतो? उत्तर आले नसते, किंवा गुळमुळीत आले असते, तर ते पत्र घेऊन १७०१ च्या कायद्याखाली अर्ज करता आला असता. बाई त्या वेळी स्टर्लिंगजवळ होती.